सुट्टीतले चार दिवस: फौजी कुटुंबाने स्वस्तात फिरायला कसं जावं

जवानाला वर्षाला ६० दिवसांची वार्षिक सुट्टी असते, वर ३० दिवसांची सीएल, म्हणजे किरकोळ रजा. ऐकायला भरपूर वाटतं. आमच्या सातारा जिल्ह्यात ही सुट्टी कशी संपते ते सांगते. गडी घरी आला की दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे सातबाऱ्याची फेरी. मग विहिरीची मोटर, मग चुलत्याच्या मुलीचं लग्न, गावची यात्रा, घराचा राहिलेला स्लॅब. परत जायच्या आदल्या रात्री बायको काळ्या ट्रंकेत चकल्या आणि तुपाचा डबा भरायला बसते, आणि तेव्हा कळतं की इतक्या दिवसांत दोघं निवांत बोललेलेच नाहीत.

हे सुभेदार होऊन निवृत्त झाले. लग्नाच्या अकराव्या वर्षी आम्ही पहिल्यांदा चौघंच कुठेतरी गेलो. मध्य प्रदेशातल्या पचमढीला, चार दिवस, लष्कराच्या हॉलिडे होममध्ये. तोपर्यंत माझी पक्की समजूत होती की असल्या खोल्या साहेबलोकांसाठीच असतात. ती समजूत आजही गावोगावच्या फौजी घरांत आहे आणि तिच्यापायी हक्काच्या सोयी वापराविना पडून राहतात. म्हणून हे सगळं सविस्तर लिहिते आहे.

आधी कळू द्या की राहायचं कुठे

पहिला प्रकार हॉलिडे होमचा. थंड हवेच्या ठिकाणी किंवा समुद्राकाठी जिथे छावणी असते, तिथलं स्टेशन हेडक्वार्टर (छावणीचं मुख्य कार्यालय), एखादी फॉर्मेशन (ब्रिगेडसारखी मोठी तुकडी) किंवा रेजिमेंटल सेंटर (पलटणीचं प्रशिक्षण केंद्र) ही घरं चालवतं. अधिकाऱ्यांच्या खोल्या वेगळ्या, जेसीओ (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर) आणि जवानांच्या वेगळ्या. भाडं हुद्द्याप्रमाणे ठरतं, म्हणजे जवानाला सगळ्यात कमी. खोली साधी असते: दोन पलंग, स्वच्छ चादरी, गरम पाणी, जवळच मेस किंवा कॅन्टीन. चकाचक रिसॉर्टची अपेक्षा ठेवू नका. पण रात्री साडेनऊला मुलं आवारात एकटी खेळत असली तरी आईच्या जिवाला घोर नसतो, आणि ही सोय बाहेर पैसे टाकूनही मिळत नाही.

दुसरा प्रकार सैनिकी विश्रामगृहांचा. निवृत्तांनी आणि वीरपत्नींनी आधी इकडे बघावं. महाराष्ट्रात सैनिक कल्याण विभागाचं मुख्य कार्यालय पुण्यात आहे आणि त्याच्या हाताखाली जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं आहेत. बहुतेक विश्रामगृहं तीच सांभाळतात. इतर राज्यांत राज्य आणि जिल्हा सैनिक बोर्डांची अशीच विश्रामगृहं आहेत, आणि त्या सगळ्यांवर दिल्लीचं केंद्रीय सैनिक बोर्ड आहे. म्हणजे साताऱ्याचा माजी सैनिक दक्षिणेत किंवा हिमाचलमध्येही तिथल्या सैनिक बोर्डाकडे खोली मागू शकतो. माझ्या ओळखीच्या दहा माजी सैनिकांत दोघांनीही हे कधी करून पाहिलेलं नाही.

नौदल आणि हवाई दलाच्या सोयी वेगळ्या. तुम्ही त्या दलातले असाल तर आधी तिथे विचारा. अधिकाऱ्यांसाठी मेस आणि इन्स्टिट्यूटच्या अतिथी खोल्या असतात. बीएसएफ, सीआरपीएफसारख्या दलांची व्यवस्था गृह मंत्रालयाकडे आहे, त्यांनी आपापल्या दलात चौकशी करावी. ट्रान्झिट कॅम्प मात्र सहलीची जागा नव्हे. गाडी बदलताना एक रात्र पडायचं असेल तर ठीक.

कागद: इथेच बहुतेकांचं अडतं

सेवेतल्या जवानाचं ओळखपत्र आणि लीव्ह सर्टिफिकेट लागतं. बायको-मुलांसाठी अवलंबितांचं कार्ड. ते निघायचं तर लग्नाची आणि मुलांच्या जन्माची पार्ट टू ऑर्डर (लष्कराच्या दप्तरातली अधिकृत नोंद) झालेली हवी. नवीन लग्न झालेल्या मुलींना माझं कळकळीचं सांगणं आहे की नवऱ्याच्या मागे लागून हे पहिल्या सहा महिन्यांत करून घ्या. फिरण्यापुरतं नाही, उद्या दवाखाना, पेन्शन, सगळं त्याच नोंदीवर उभं राहतं. आईवडील अवलंबित म्हणून नोंदलेले असतील तरच त्यांना त्या हक्काने खोली मिळते. मुलगा कमावता झाला, मुलीचं लग्न झालं, की त्यांची नावं यादीतून जातात.

निवृत्तांना जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून मिळालेलं माजी सैनिक ओळखपत्र, डिस्चार्ज बुकाची प्रत आणि पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत. वीरपत्नींना आणि माजी सैनिकांच्या विधवांना त्यांचं स्वतंत्र ओळखपत्र. सोबत सगळ्यांचं आधार.

आता एक अनुभव. सासऱ्यांच्या माघारी सासूबाईंना घेऊन आम्ही देवदर्शनाला निघालो होतो. एका परराज्यातल्या विश्रामगृहात त्यांच्या नावाने खोली मागितली. पोहोचलो रात्री नऊला. खिडकीतल्या माणसाने कागद बघितले आणि मान हलवली. पीपीओवर 'अनुसया', आधारवर 'अनसूया', आणि ओळखपत्रावर नुसतंच 'अनुसयाबाई'. सासूबाई पदराच्या टोकाशी चाळा करत बाकावर बसून राहिल्या. ती रात्र लॉजमध्ये काढली. खोलीच्या पैशांचं काही नाही, पण "माझं नाव मलाच सिद्ध करता येईना," असं त्या म्हणाल्या ते माझ्या मनातून जात नाही. परत आल्यावर पहिलं काम नावाच्या दुरुस्तीचं केलं. तुम्ही निघायच्या आधीच करा. पीपीओ, आधार, पॅन आणि ओळखपत्र एकाशेजारी एक मांडा आणि प्रत्येक अक्षर, प्रत्येक जन्मतारीख जुळवून बघा. तफावत सापडली तर ती कशी दुरुस्त करायची ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात सांगतात.

नातेवाइकांपैकी कुणाकडे परदेशी पासपोर्ट किंवा ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असेल तर ते आधीच सांगा. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी निवृत्त घरांतली मुलं अमेरिकेत, युरोपात आहेत, नातवंडं तिकडची नागरिक. लष्करी आवारात परदेशी नागरिकाला पूर्वपरवानगीशिवाय राहता येत नाही आणि सहलीसाठी ती परवानगी सहजी मिळत नाही. नातवंडांना घेऊन जायचं असेल तर सरळ एमटीडीसी किंवा एखादं साधं हॉटेल बघा. गेटवर रडारड नको.

जागा कशी निवडावी

खोली स्वस्त, टॅक्सी महाग. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. छावण्या बहुधा डोंगरावर, स्टेशनपासून लांब. चार दिवसांच्या खोलीभाड्यापेक्षा एका दिवसाची जीप जास्त पडते. म्हणून जागा निवडताना भाडं नंतर बघा, आधी स्टेशनपासूनचं अंतर आणि एसटी-बसची सोय बघा.

महाराष्ट्रातल्या कुटुंबाला पहिल्या सहलीसाठी मी पचमढीच सांगेन. मुंबईहून नाशिक, भुसावळ, इटारसीमार्गे जबलपूरकडे जाणाऱ्या बऱ्याच गाड्या पिपरियाला थांबतात. तिथून वर साधारण पन्नास किलोमीटर, बस आणि शेअर जीप मिळते. विदर्भातली माणसं चौरागडच्या महादेवाला पिढ्यानपिढ्या त्रिशूळ घेऊन जातात, त्यामुळे वाट आपल्या लोकांच्या पायाखालची. फक्त महाशिवरात्र आणि नागपंचमीच्या यात्रेचे दिवस टाळा, तेव्हा पाय ठेवायला जागा नसते. गावात लष्कराच्या एज्युकेशन कोअरचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि लष्करी बँडचं शिक्षणही तिथेच होतं. आम्ही सकाळी चहा घेऊन ओट्यावर बसायचो तेव्हा झाडांपलीकडून बिगुलाचे सूर यायचे, एकच ओळ पुन्हापुन्हा, चुकायची, थांबायची, परत सुरू व्हायची. धाकटा रोज ती ओळ तोंडाने वाजवत त्यांच्या आधी पूर्ण करायचा.

सातपुड्यातलं सगळ्यात उंच शिखर धूपगड इथलंच, १,३५२ मीटर. तिथे आणि जंगलातल्या काही ठिकाणी जायला परवानगीची जिप्सी घ्यावी लागते. मेसमध्ये जेवताना दुसऱ्या कुटुंबाशी बोला आणि जिप्सी वाटून घ्या. आम्ही एका राजपुताना रायफल्सच्या हवालदाराच्या कुटुंबाबरोबर गेलो, खर्च निम्मा झाला आणि दोन्ही घरच्या मुली दोन दिवस एकमेकींचे हात सोडायला तयार नव्हत्या.

मराठा लाइट इन्फंट्रीतल्या घरांना बेळगाव जवळचं. पलटणीचं सेंटर तिथे १९२२ पासून आहे. ४ फेब्रुवारीला, सिंहगड घेतला त्या दिवशी, मराठा दिन असतो. त्या आठवड्यात समारंभाला जाणार असाल तरच खोलीची अपेक्षा धरा, इतर वेळी जा. बेळगावहून चोर्ला घाटाने गोवा गाठता येतो, पावसाळ्यात आंबोलीही जवळ. तरुणपणी जिथे रगडून घेतलं ते मैदान नवऱ्याने मुलांना दाखवावं, याहून चांगली सहल कुठली असेल मला माहीत नाही.

गोव्यात बांबोळीला सिग्नल ट्रेनिंग सेंटर आहे आणि वास्को-दाबोळी हा नौदलाचा भाग. डिसेंबर आणि मे महिन्यात तिथल्या खोल्यांची आशा धरू नका. जुलै-ऑगस्टमध्ये समुद्रात उतरता येत नाही, पण गोवा हिरवागार असतो आणि खोली मिळण्याची शक्यता कितीतरी जास्त. मुलांना बोगमाळो रस्त्यावरचं नौदल विमान संग्रहालय जरूर दाखवा.

अहिल्यानगर सहलीचं गाव म्हणून कुणी धरत नाही, पण तिथलं रणगाडा संग्रहालय आणि शिर्डी, शिंगणापूर असं जोडून दोन दिवस छान जातात. लांब जायची हिंमत असेल तर उत्तराखंडात गढवाल रायफल्सचं लॅन्सडाउन (स्टेशन कोटद्वार), कुमाऊँ रेजिमेंटचं राणीखेत (स्टेशन काठगोदाम) आणि निलगिरीतलं वेलिंग्टन. वेलिंग्टनला मेट्टुपालयमहून डोंगरी रेल्वेने जाता येतं, आणि फील्ड मार्शल माणेकशांचे शेवटचे दिवस तिथल्याच लष्करी रुग्णालयात गेले. पण लहान मूल आणि म्हातारी माणसं सोबत असतील तर पहिल्याच सहलीला दोन रात्रींचा रेल्वेप्रवास करू नका.

अर्ज

सेवेत असाल तर सुरुवात युनिटच्या ऑफिसातून. क्लार्ककडे हॉलिडे होमचा नमुना अर्ज असतो किंवा तो मागवता येतो. अर्जावर सीओंची (युनिटच्या प्रमुखांची) किंवा त्यांनी नेमलेल्या अधिकाऱ्याची सही आणि शिक्का, मग अर्ज संबंधित छावणीच्या कार्यालयाला. अर्ज किती दिवस आधी स्वीकारतात, जास्तीत जास्त किती रात्री देतात आणि आगाऊ भरणा लागतो का, हे तीन प्रश्न आधी फोनवर विचारून घ्या, कारण प्रत्येक जागेचे नियम आपापले. फोन सकाळी दहा ते बाराच्या मध्ये करा. बोलणाऱ्याचं नाव आणि तारीख वहीत टिपा.

एकच तारीख मागू नका, दोन पर्याय द्या. शनिवार-रविवार सोडून सोमवार ते शुक्रवार मागितलं तर होकार लवकर येतो. अर्जात एक वाक्य आवर्जून घाला: ऐनवेळी सुट्टी रद्द झाल्यास कुटुंबाला एकटं राहू देता येईल का. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सुट्टीवर आलेल्या कितीतरी जवानांना मधूनच परत बोलावलं. आपल्या घरांत असं होणारच, ते धरून चालायचं. काही ठिकाणी कुटुंबाला राहू देतात, काही ठिकाणी नाही. आधी विचारलेलं असलं की मुलांसमोर काय सांगायचं हे ठरलेलं असतं.

अग्निवीरांना वर्षाला ३० दिवसच सुट्टी असते आणि चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळत नाही. घरात अग्निवीर मुलगा असेल तर आईवडिलांना काय मिळू शकतं हे त्याने आपल्या युनिटमध्ये आत्ताच विचारावं.

पैशांबाबत एकच नियम पाळा: पैसे खिडकीवर पावती घेऊन द्या, नाहीतर कार्यालयाने लेखी कळवलेल्या संस्थेच्या खात्यावर. कुणाच्या खासगी मोबाईल नंबरवर, क्यूआर कोडवर एक रुपयाही पाठवू नका. गणवेशातला फोटो लावून, "मैं फौज से बोल रहा हूँ" म्हणून लुबाडणारे पुष्कळ आहेत, आणि आपलीच माणसं त्या आवाजावर सगळ्यात आधी विश्वास ठेवतात.

तिकीट

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. खोली आधी की तिकीट आधी, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. तिकीट आधी. आडवारी खोली मिळते, उन्हाळ्यात तिकीट मिळत नाही, आणि रद्द केलं तर नुकसान थोडं होतं.

सेवेतल्यांनी एलटीसी (सुट्टीतल्या प्रवासाचा सरकारी खर्च) शिल्लक आहे का, वॉरंट (सरकारी खर्चाच्या तिकिटाचा कागद) निघेल का, डिफेन्स ट्रॅव्हल सिस्टीमवरून तिकीट काढायचं का, हे युनिटमध्ये विचारावं. एलटीसी बसत नसेल तर सवलतीच्या तिकिटासाठी 'फॉर्म डी' असतो. वर्षाला मोजकेच मिळतात, ते गावी येण्या-जाण्यात संपवू नका, एक जोडी सहलीसाठी बाजूला ठेवा. तिकीट वेटिंगवर राहिलं तर मोठ्या स्टेशनांवरच्या एमसीओकडे (फौजींचा प्रवास बघणाऱ्या लष्करी कार्यालयाकडे) डिफेन्स कोट्यासाठी अर्ज करता येतो. लीव्ह सर्टिफिकेटची प्रत घेऊन वेळेत जा, गाडी सुटायच्या तासभर आधी नाही.

निवृत्तांनी एक लक्षात घ्यावं. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. जुन्या हिशोबाने बजेट काढू नका. विमानाने जाणार असाल तर इंडिगो, एअर इंडियासारख्या कंपन्यांचं सैनिकांसाठी वेगळं भाडं असतं. मात्र कधीकधी साधं सेलचं भाडं त्याहून कमी निघतं, दोन्ही बघा. आणि विमानतळावर ओळखपत्र मागतात, बायको-मुलांचंसुद्धा.

स्वतःच्या गाडीने निघालात तर टोलनाक्यावर हुज्जत नको. माफी ड्यूटीवर असलेल्यांना आहे, सुट्टीवर सहलीला निघालेल्या खासगी गाडीला नाही.

बॅगेत काय, तिथे गेल्यावर काय

मूळ कागद एका पिशवीत, झेरॉक्सचा संच दुसऱ्या पिशवीत. दोन कुलपं, साबण, टॉवेल, पाण्याची बाटली, एक छोटी विजेची किटली वापरू देतात का ते विचारून. औषधं आणि ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्ड. ते कार्ड देशातल्या कुठल्याही पॉलिक्लिनिकमध्ये चालतं. कॅन्टीनचं स्मार्ट कार्डही ठेवा, दूध पावडर, बिस्किटं, साबण तिथेच मिळून जातं. जेवणाची वर्दी मेसमध्ये आधी द्यावी लागते. रात्रीचं जेवण हवं तर दुपारीच सांगा, आणि लहान मुलांसाठी बिनतिखट भाजी हवी हेही तेव्हाच.

आवारात फोटो काढताना गेट, पहारा, इमारती, गाड्या चौकटीत येऊ देऊ नका, आणि काढलेले फोटो त्याच दिवशी फेसबुकवर टाकू नका. हे मुलांना घरीच समजावून आणा. रजिस्टरमध्ये येण्या-जाण्याची वेळ नीट लिहा. निघताना खोली झाडून, चादरी घडी घालून द्या. तिथला सफाईवाला आणि स्वयंपाकी हे तुटपुंज्या पगारातले लोक असतात, त्यांच्याशी गोड बोला आणि जमेल तेवढं हातावर ठेवा.

पुणे आणि मुंबईच्या विश्रामगृहांबद्दल एक वेगळी विनंती. पुण्यात कमांड हॉस्पिटल आहे, कृत्रिम अवयव केंद्र आहे, खडकीला पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र आहे. मुंबईत कुलाब्याला अश्विनी रुग्णालय. तिथल्या खोल्यांत उपचारासाठी आलेली माणसं उतरतात. तुम्ही शनिवारवाडा किंवा गेटवे बघायला आला असाल आणि रुग्णाबरोबर आलेल्या बाईला खोली मिळत नसेल, तर आपली खोली सोडा. आम्हाला एकदा अशीच एका अनोळखी शीख कुटुंबाने त्यांची खोली दिली होती, तेव्हा ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं.

सैनिकी विश्रामगृहासाठी अर्जाचा नमुना

प्रति, मा. जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, (जिल्हा).

विषय: सैनिकी विश्रामगृहात खोली मिळण्याबाबत.

महोदय, मी माजी सैनिक / माजी सैनिकाची पत्नी असून माझा / माझ्या पतीचा आर्मी नंबर, हुद्दा, नाव व युनिट पुढीलप्रमाणे आहे. मला (कारण) दि. … ते दि. … या काळात … व्यक्तींसाठी एक खोली हवी आहे. या तारखांना खोली उपलब्ध नसल्यास दि. … ते दि. … चालेल. सोबत येणाऱ्यांची नावे, वय व नाते खाली दिले आहे. सर्वजण भारतीय नागरिक आहेत.

सोबत: ओळखपत्र, पीपीओ व आधार यांच्या प्रती.

सहीखाली मोबाईल नंबर मोठ्या अक्षरात लिहा, आणि अर्ज देताना आपल्या प्रतीवर कार्यालयाचा पोच शिक्का मारून घ्या.